शेजारच्या भिंतीची सावली

१६१८ साली जहांगीर बादशहाचा मुक्काम अहमदाबादेत पडला होता. उन्हाळा कडक, हवा कोंदट, छावणीत आणि शहरात तापाची साथ. स्वतः बादशहाही आजारी पडला आणि या शहराबद्दलचे त्याचे मत कायमचे बिघडले. ‘तुझुक-इ-जहांगिरी’ या आत्मवृत्तात त्याने अहमदाबादला ठेवलेली नावे प्रसिद्ध आहेत. आधी तो त्याला गर्दाबाद म्हणत असे, म्हणजे धुळीचे गाव. पुढे समूमिस्तान, बीमारिस्तान आणि जहन्नमाबाद यांतले कोणते नाव अधिक शोभेल, असा त्याला प्रश्न पडला. त्याच मजकुरात जाता जाता एक नोंद आहे. येथील विहिरींचे पाणी खारट, म्हणून ऐपतदार लोक घरातच हौद बांधतात, पावसाळ्यात ते भरून घेतात आणि तेच पाणी पुढच्या पावसापर्यंत पितात, असे तो सांगतो. ज्या पाण्याला वारा लागत नाही ते पाणी कसे असणार, हा शेराही त्याने मारला आहे.

बादशहाला जे किळसवाणे वाटले ते त्या शहराचे मोठे शहाणपण होते. पण त्याच्या घरातल्या माणसाने निराळा मार्ग धरला. गुजरातचा सुभा तेव्हा शाहजादा खुर्रमकडे, म्हणजे पुढच्या शाहजहानकडे होता. त्याने तटबंदीच्या बाहेर, उत्तरेला, साबरमतीच्या काठावर बाग केली आणि त्या बागेत महाल उठवला. १६२२ च्या सुमारास तो पुरा झाला. त्या बागेवरून त्या भागाला शाहीबाग हे नाव पडले आणि ते आजही चालू आहे.

या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या की एका जुन्या प्रश्नाची दोन उत्तरे दिसतात. उन्हाळ्यात घर गार कसे ठेवायचे? तटाच्या आतल्या सावकाराने एक उत्तर दिले, तटाबाहेरच्या शाहजाद्याने दुसरे. हल्ली कोणत्याही जुन्या शहराच्या वेशीबाहेर ऊर्जेची बचत करणाऱ्या आलिशान कौटुंबिक बंगल्यांच्या जाहिराती दिसतात. ‘ऐतिहासिक शहरापासून हाकेच्या अंतरावर’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. बचत, ऐश्वर्य, एक कुटुंब आणि जुन्या शहराचा शेजार हे चार शब्द एका दमात उच्चारले जातात. ते एकत्र नांदतात का, हे पाहायचे तर अहमदाबादसारखे दुसरे शहर नाही, असे मला वाटते. शाहजाद्यापासून गिरणीमालकांपर्यंत आणि ल कॉर्बुझिएपासून चार्ल्स कोरियांपर्यंत हा प्रयोग तेथे पुन्हा पुन्हा झाला आहे. त्याचा हिशेब मांडण्यासाठी हा लेख.

पोळीतले घर

अहमदाबाद १४११ साली अहमदशहाने वसवले. तटाच्या आतली वस्ती पोळींमध्ये विभागलेली आहे. पोळ म्हणजे एक दरवाजा असलेली गल्ली आणि त्या गल्लीच्या फांद्या. दरवाजा रात्री बंद होई. आत एकाच जातीची, एकाच धंद्याची किंवा एकाच धर्माची कुटुंबे. घरे एकमेकांना चिकटून, दोन घरांत मिळून एक भिंत. गल्ली इतकी अरुंद की दुपारचा अगदी थोडा वेळ सोडला तर ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. वरचे मजले लाकडी कोरीव कड्यांवर पुढे काढलेले, त्यामुळे समोरासमोरच्या दोन घरांची डोकी जवळ येतात आणि खालच्या वाटेवर सावली धरतात.

आत शिरताना आधी ओटा लागतो. मग देवडीसारखी जागा, तिला तिथे खडकी म्हणतात. मग चौक. चौकाच्या कडेने स्वयंपाकघर आणि पाणियारूं, म्हणजे आपल्याकडची घडवंची. त्यापुढे पडवीसारखी परसाळ आणि सर्वांत मागे ओरडो, म्हणजे आतली काळोखी खोली. हे वर्णन वाचताना पुण्या-नाशिकच्या वाड्यांची आठवण येणे साहजिक आहे. १७५८ पासून १८१७-१८ पर्यंत हे शहर पेशवे आणि गायकवाड यांच्या वाटणीत होते आणि रायखड भागात गायकवाडांची हवेली आजही आहे. पण साम्य राजवटीपेक्षा उन्हामुळे आलेले आहे. सूर्य दोन्हीकडे तोच होता.

आता या घराचे गणित पाहू. उष्णता घरात शिरते ती उन्हात उभ्या असलेल्या पृष्ठभागांतून, म्हणजे भिंती आणि छपरातून. पोळीतल्या घराच्या लांबीकडच्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांच्या घरांना लागलेल्या, म्हणजे त्यांना ऊन लागतच नाही. पुढची बाजू अरुंद आणि तीही गल्लीच्या सावलीत. उरले छप्पर. एवढेच एक अंग सूर्याच्या तावडीत सापडते. चौकाची उंची रुंदीपेक्षा जास्त, म्हणून त्यातही ऊन डोक्यावर आल्यावरच उतरते. रात्री गच्ची आणि चौकाची फरशी आपली उष्णता मोकळ्या आकाशाला देऊन टाकतात. गार हवा जड असते, ती चौकात उतरते आणि साचते. जाड विटांच्या भिंती ती गारवा धरून ठेवतात आणि दुपार बरीच कलेपर्यंत घराला पुरवतात.

चौकाच्या खाली ते टाके, ज्याला जहांगीर नावे ठेवत होता. जमिनीत खोल, चुन्याच्या गिलाव्याचे, वरून झाकलेले. पहिल्या पावसाचे पाणी छत धुऊन जाऊ द्यायचे आणि नंतरचे नळीने टाक्यात घ्यायचे. प्रकाश नाही, म्हणून शेवाळ नाही. वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याची सोय झाली आणि चौकाच्या फरशीखाली पाण्याचा मोठा गार साठाही राहिला. एका वस्तूकडून दोन कामे.

ही घरे गरिबांची नव्हती. कोरीव खांब, नक्षीच्या कमानी, झरोके यांवर सावकारांनी पैसा ओतला होता. म्हणजे आलिशान घर, मोठे कुटुंब आणि जवळजवळ शून्य इंधनात गारवा हे तिन्ही येथे एकत्र होते. पण मला एक गोष्ट ठळकपणे मांडायची आहे. हा गारवा त्या एका घराचा नव्हताच. डावीकडचे आणि उजवीकडचे घर पाडा, समोरची रांग हलवा, तेच घर तसेच्या तसे उघड्या माळावर नेऊन ठेवा. त्याच्या दोन लांब भिंती दिवसभर तापतील आणि चौकात लू शिरेल. घराचा निम्मा गारवा शेजाऱ्याने दिलेला असतो. तो सातबाऱ्यावर चढत नाही आणि विकत मिळत नाही.

गारव्याची किंमत कोण देई

या घराचे नुसते कौतुक करून थांबणे अन्यायाचे होईल. ते घर आपोआप गार राहत नसे. खिडक्या पहाटे उघडायच्या, ऊन चढायच्या आत लावायच्या, फरशीवर पाणी शिंपडायचे, टाक्यातून पाणी शेंदायचे, उन्हाळ्यात अंथरुणे रात्री गच्चीवर न्यायची आणि सकाळी खाली आणायची. दुपारी माणसे ओरड्यात, संध्याकाळी ओट्यावर, रात्री गच्चीवर. ऋतू आणि प्रहर पाहून सगळे कुटुंब घरातल्या घरात स्थलांतर करत असे. हे सारे काम बायका आणि नोकर करत. विजेचे बिल नव्हते याचा अर्थ कोणाचे श्रम लागत नव्हते असा नाही. स्वयंपाकघरातला धूर आणि मागच्या खोलीचा अंधार यांचे आयुष्य मुख्यतः बायकांच्या वाट्याला आले होते.

दुसरे असे की शेजार निवडक होता. पोळीचा दरवाजा उन्हासाठी नव्हता, माणसांसाठी होता. कोणाच्या भिंतीला कोणाची भिंत लागायची हे जात ठरवत असे. आणि तिसरे असे की दाटी म्हणजे गारवा नव्हे. १८६१ साली रणछोडलाल छोटालाल यांनी शहरातली पहिली कापडगिरणी सुरू केली आणि पुढे तटाबाहेर, विशेषतः पूर्वेकडे, गिरण्यांभोवती मजुरांच्या चाळी उभ्या राहिल्या. त्याही चिकटून होत्या. पण चौक नाही, जाड भिंत नाही, वर पातळ छप्पर. तेथे शेजाऱ्याची भिंत सावली देण्याऐवजी वारा अडवत होती.

मग साथी आल्या. १८९६-९७ च्या प्लेगने मुंबई-पुण्यात जे झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. दाट वस्ती म्हणजे रोग, मोकळी हवा म्हणजे आरोग्य, हे समीकरण त्या काळात पक्के झाले. १९१७ साली अहमदाबादेतही प्लेगचा मोठा उद्रेक झाला. कोचरबचा आश्रम सोडून गांधीजी साबरमतीच्या काठी गेले, त्यामागे हेच कारण होते. मजुरांनी शहर सोडून पळू नये म्हणून गिरणीमालकांनी ‘प्लेग बोनस’ दिला, साथ ओसरल्यावर तो काढून घेतला आणि त्यातून १९१८ चा प्रसिद्ध संप झाला. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, मजुरांच्या बाजूला त्यांची बहीण अनसूयाबेन. ३५ टक्के वाढीवर तडजोड झाली. या साऱ्या इतिहासाच्या मागे एक साधी गोष्ट उभी आहे. ज्याला परवडेल तो दाटीतून बाहेर पडतो.

चार बाजूंना ऊन

बाहेर पडण्याची जागा शाहजाद्याने तीनशे वर्षांपूर्वीच दाखवून ठेवली होती. शाहीबागेच्या महालात ब्रिटिश अमदानीत वरिष्ठ अधिकारी राहत. १८७८ साली तेथे न्यायाधीश सत्येंद्रनाथ टागोर राहत होते आणि त्यांचा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ रवींद्रनाथ काही महिने त्यांच्याकडे होता. नदीकाठचा रिकामा, भव्य, निर्मनुष्य दालनांचा तो महाल त्याच्या मनात घर करून राहिला आणि १८९५ च्या ‘क्षुधित पाषाण’ या कथेत उतरला. (तेथून तो मुंबईला डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी गेला, तो भाग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे.) मला त्या कथेच्या जन्मकथेत एक वास्तुशास्त्रीय सत्य दिसते. पोळीतल्या घराला भूत लागायला जागाच नसते, तेथे सतत कोणीतरी असते. एकटेपण ही बाहेरच्या घराची पहिली ऐश होती आणि पहिली भीतीही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीमालक कुटुंबे शाहीबागेत राहायला आली. साराभाईंची ‘रिट्रीट’ ही वसाहत त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. १८९२ च्या एलिस ब्रिजने नदीचा पश्चिम काठही राहण्याजोगा केला होता. नवे घर म्हणजे बंगला. मध्ये घर, भोवती बाग, चारी बाजूंना हवा.

आणि चारी बाजूंना ऊन. सकाळी पूर्वेची भिंत तापते, दुपारी छप्पर, तिसऱ्या प्रहरी पश्चिमेची भिंत. पोळीत शेजाऱ्याने फुकट दिलेली सावली आता स्वतः निर्माण करायची. त्यासाठी बंगल्याने रुंद व्हरांडे काढले, म्हणजे घराभोवती आणखी एक घर बांधले. मोठी झाडे लावली, त्यांना जमीन आणि पाणी लागले. उंच छत, वाळ्याचे पडदे, ते भिजवायला माणूस. आधी पंखा ओढणारा, मग विजेचा पंखा. पोळीत जे शेजारामुळे मिळत होते ते येथे जमिनीने, पाण्याने आणि पगारी माणसांनी मिळवले. ऐश्वर्याच्या मापाला येथे नवा अर्थ आला. श्रीमंत तो, जो आपल्या सावलीसाठी कोणावर अवलंबून नाही.

त्याच नदीच्या दुसऱ्या काठावर, आश्रमात, गांधीजींचे हृदयकुंज होते. कौलारू छप्पर, पुढे ओसरी, मध्ये अंगण, सामान जवळजवळ नाही. बचत आणि ऐश्वर्य यांची फारकत करून दाखवणारे ते घर शाहीबागेपासून फार दूर नव्हते. आश्रमात अस्पृश्य कुटुंबाला घेतल्यावर देणग्या थांबल्या तेव्हा नाव न सांगता १३,००० रुपये देऊन गेलेला माणूस शाहीबागेतलाच होता, अंबालाल साराभाई. दोन्ही घरांना एकमेकांची ओळख होती, एवढेच येथे नोंदवतो.

गवताचे छप्पर

१९५१ च्या मार्चमध्ये ल कॉर्बुझिए पहिल्यांदा अहमदाबादेत आला. चंदीगडचे काम नुकतेच हाती आले होते. अहमदाबादने त्याला संग्रहालय, गिरणीमालक संघाची इमारत आणि काही खासगी घरे यांची कामे दिली. त्यांतले एक घर मनोरमा साराभाई यांचे. त्या तरुणपणी विधवा झाल्या होत्या, पदरी दोन मुलगे होते आणि घर ‘रिट्रीट’च्या झाडीतच बांधायचे होते. १९५५ च्या सुमारास ते पुरे झाले. जुन्या शहराजवळचे, एका कुटुंबाचे, आलिशान आणि हवामानाशी जुळवून घेणारे घर कसे असते याचे विसाव्या शतकातले इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

त्याचे प्रकाशित आराखडे मी पुष्कळदा उलगडून पाहिले आहेत. घर म्हणजे शेजारी शेजारी घातलेल्या लांबट पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर विटा-कौलांची बसकी कमान, स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतात बांधतात तशी. पट्ट्यांची तोंडे येणाऱ्या वाऱ्याकडे, आणि दोन्ही टोकांना खोल व्हरांडे, म्हणजे वारा आत येईल पण ऊन उंबऱ्याबाहेर थांबेल. खाली काळ्या मद्रासी दगडाची फरशी. कमानींच्या वर माती आणि मातीवर हिरवळ. जाड ओली माती सावकाश तापते आणि तिच्यातल्या पाण्याची वाफ होताना उष्णता घेऊन जाते. छप्पर हा उष्णतेचा मुख्य रस्ता, आणि तोच येथे बंद केला आहे. गच्चीवरून थेट पोहण्याच्या तलावात उतरणारी काँक्रीटची घसरगुंडी मुलाच्या हट्टासाठी केली, ती या घराची सर्वांत जास्त छापली गेलेली गोष्ट आहे.

लांबट पट्ट्या, दोन पट्ट्यांत मिळून एक आधार, उघडी फक्त टोके. हा आराखडा मला ओळखीचा वाटतो. शेजारी शेजारी उभी असलेली पोळीतली घरेच जणू येथे एका मालकीची झाली आहेत. एकाच कुटुंबाचे घर स्वतःचाच शेजारी झाले आहे. ते जमले, कारण जागा होती, झाडी होती, हिरवळीला द्यायला पाणी होते आणि पाणी घालणारे हात होते.

दुसरे घर शोधन कुटुंबाचे. आधी ते गिरणीमालक संघाचे अध्यक्ष सुरोत्तम हठीसिंग यांच्यासाठी काढले होते, पण आराखडा शोधनांकडे गेला आणि १९५६ मध्ये नदीच्या पश्चिमेला घर उभे राहिले. येथे काँक्रीटचे मोठे छप्पर घरापासून सुटे, छत्रीसारखे वर धरलेले आहे. छत्री तापते, तिच्याखालून वारा वाहतो, घर सावलीत राहते. भिंतींपुढे काँक्रीटच्या खोल चौकटी आहेत, त्या झरोक्याचे काम करतात. एका घरासाठी दोन घरांचे काँक्रीट, असा हा हिशेब. गल्लीच्या समोरच्या रांगेने जे केले असते ते येथे सिमेंटने केले.

पुण्याच्या वाड्यातून आलेला मुलगा

या घरांच्या बांधकामावर देखरेख करायला पॅरिसहून जो तरुण आला तो पुण्याचा होता. बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले. आजोबांचा लाकडी सामानाचा कारखाना, एकत्र कुटुंब आणि कुटुंब वाढेल तसे मजले-खोल्या चढवत वाढत गेलेले घर. जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते युरोपात गेले, ल कॉर्बुझिएकडे पहिले आठ महिने बिनपगारी राबले, आणि परत आले ते अहमदाबादचेच झाले. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले, २०२३ मध्ये ते अहमदाबादेतच वारले.

स्वतःचे घर दोशींनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधले आणि त्याला पत्नीचे, कमलाबेनचे नाव दिले. ते साराभाईंच्या घराच्या मानाने लहान आहे. पुढे १९८०च्या सुमारास त्यांनी ‘संगत’ हे आपले कार्यालय उभारले तेव्हा गुरूच्या कमानी घेतल्या, पण त्यांवर हिरवळीऐवजी फुटक्या पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवले आणि इमारत निम्मी जमिनीत उतरवली. पांढरे तुकडे ऊन परतवतात, जमीन गारवा देते. फुटक्या तुकड्यांना पैसे फार लागत नाहीत आणि त्यांना रोज पाणीही घालावे लागत नाही.

याच शहरात मुंबईच्या चार्ल्स कोरियांनी दोन घरे बांधली. गुजरात गृहनिर्माण मंडळाने स्वस्त घरांची स्पर्धा घेतली होती. मागणी होती मजली इमारतीची. कोरियांनी दाखवले की तितकीच माणसे एकमेकांना चिकटलेल्या, जेमतेम १२ फूट रुंद, लांबट घरांत राहू शकतात. १९६१-६२ मध्ये नमुना बांधला, तोच ‘ट्यूब हाउस’. दाराशी खाली झडपा, तिथून गार हवा आत येते. ती तापली की उतरत्या छपराच्या आतल्या अंगाने वर चढते आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जाते. जाताना मागून नवी हवा ओढते. यंत्र नाही, वीज नाही. आणि लांब भिंती शेजाऱ्यासह सामाईक. पोळीचे घर नव्या गणिताने परत आले होते.

काही वर्षांनी, १९६८ च्या सुमारास, कोरियांनी पारेख कुटुंबासाठी बंगला बांधला. जागा पूर्व-पश्चिम तोंडाची, म्हणजे ऊन थेट अंगावर. त्यांनी घराच्या तीन पट्ट्या केल्या. एक उन्हाळ्याची, खाली रुंद आणि वर निमुळती, आकाशाला बंद, कडक दुपारी राहायची. दुसरी हिवाळ्याची, वर उघडत जाणारी, थंडीतल्या दिवसांसाठी आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळींसाठी. तिसरी स्वयंपाकघर-न्हाणीची. उन्हाळ्याची पट्टी या दोहोंच्या मध्ये ठेवली. दुपारी ओरड्यात आणि रात्री गच्चीवर जाणाऱ्या कुटुंबाचे ते जुने स्थलांतर येथे बंगल्यात आले. आणि स्वतंत्र बंगल्याला शेजारी नसतो, म्हणून कोरियांनी घरातल्याच दोन पट्ट्यांना मधल्या पट्टीचे शेजारी केले. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते त्या आराखड्यात रेघांनी काढलेले आहे.

मोजपट्टीत न बसणारी भिंत

यानंतर वातानुकूलन यंत्र आले आणि हा सारा खटाटोप अनावश्यक वाटू लागला. काचेची भिंत पश्चिमेला लावली तरी चालते, यंत्र आहे. पण यंत्र उष्णता नष्ट करत नाही. ते घरातली उष्णता, आणि तिच्यावर स्वतःच्या विजेची, बाहेर फेकते. एके काळी शेजारच्या घराकडून सावली येत असे, आता गरम झोत येतो. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याने तो सोसायचा.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातून २०१३ साली महापालिकेने उष्माघाताविरुद्धचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातल्या शहरांतला तो पहिला. २० मे २०१६ रोजी शहराचे तापमान ४८ अंशांवर गेले. झोपडवस्त्यांतली छपरे पांढरी रंगवण्याची मोहीम पुढे आली. ‘संगत’च्या पांढऱ्या तुकड्यांमागचा विचार तोच आहे, येथे तो चुन्याच्या बादलीत मावला आहे.

आता नव्या घरांसाठी नियमही आहेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ आणली. छप्पर वगळता घराच्या बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नसावी, अशी तिची अट आहे. अट चांगली आहे. पण मोजमाप कशाने भागले आहे ते पाहावे. ते उन्हातल्या भिंतीच्या चौरस मीटरने भागले आहे. ज्या घराच्या चारी भिंती उन्हात आहेत आणि ज्याच्या दोन भिंती शेजाऱ्याला लागलेल्या आहेत, ती दोन्ही घरे या परीक्षेत सारखेच गुण मिळवू शकतात. प्रत्यक्षात पहिल्यात शिरणारी एकूण उष्णता कितीतरी जास्त असते. सामाईक भिंत मोजपट्टीतच बसत नाही. घर किती मोठे, त्यात राहतात किती, हेही ती विचारत नाही. सहा खोल्यांत तीन माणसे राहिली तरी घर ‘ऊर्जाबचतीचे’ ठरू शकते. शिवाय स्वतंत्र बंगल्याभोवती चारी बाजूंना सामासिक अंतर सोडण्याचा नियम आपल्याकडे आहेच. प्लेगच्या काळात पक्क्या झालेल्या विचाराचा तो वारसा आहे. एक नियम शेजाऱ्याला दूर करतो आणि दुसरा त्याच्या जाण्याने झालेले नुकसान मोजत नाही.

पुण्यात हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांतले वाडे गेले, राहिलेले पुढे इमारतींसाठी पाडले गेले. माणसे मोकळ्या हवेसाठी बाहेर गेली आणि त्यांना ती मिळालीही. वाड्यातले सामाईक नळ, सामाईक संडास आणि सततची नजर ज्यांनी सोसली त्यांना परत त्या भिंतींत जा म्हणण्याचा अधिकार मला नाही, इच्छाही नाही. पोळीचा दरवाजा परत लावावा असे तर मुळीच नाही. पण माझा आग्रह आहे की आपण काय सोडून आलो याची नोंद नीट व्हावी. आपण फक्त नक्षीचे खांब सोडले नाहीत. एकमेकांच्या अंगावर पडणारी सावली सोडली, आणि तिच्या जागी प्रत्येकाने स्वतंत्र बाग, स्वतंत्र छत्री आणि शेवटी स्वतंत्र यंत्र घेतले. एकट्याने राहण्याच्या ऐश्वर्यावर बचत नंतर चिकटवता येते, पण ती महाग पडते. साराभाईंना ती जमिनीने आणि पाण्याने परवडली, शोधनांना काँक्रीटने, पारेखांना एका बुद्धिमान आराखड्याने. ज्यांना यांतले काहीच परवडत नाही, त्यांच्यासाठी ट्यूब हाउस होते.

२०१७ मध्ये अहमदाबादच्या जुन्या शहराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, भारतातल्या शहरांत पहिली. साराभाईंचे आणि शोधनांचे घर पाहायला जगभरचे वास्तुविद्येचे विद्यार्थी येतात. ट्यूब हाउस पाहायला मात्र कोणी जाऊ शकत नाही. १९९५ साली ते पाडले गेले.